जमिनीची शिल्लक

पौषाच्या थंडीत, उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असता, सकाळच्या प्रार्थनेसाठी मुले रांगेने उभी राहिली म्हणजे कित्येकदा शाळेच्या अंगणात काळी काळी पिसे तरंगत येतात. पांढऱ्या सदऱ्यावर एखादे पडले व ते झटकू गेले, तर बोटभर लांब डाग उमटतो. अशाच एका सकाळी आम्ही वर्गात विचारले, "ही पिसे कशाची?" कृष्णेपलीकडच्या एका गावाहून येणारा विद्यार्थी चटकन उठून म्हणाला, "सर, पाचटाची. ऊस तुटून गेला, म्हणून काल रात्री आमच्या फडातलं पाचट पेटवलं. रान कसं साफ झालं!" त्यावर आम्ही दुसरा प्रश्न केला, "जे जळाले त्यात काय काय होते, आणि ते गेले कोठे?" वर्ग क्षणभर स्तब्ध राहिला. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "धूर झाला, सर."

उत्तर खोटे नव्हते. परंतु पुरतेही नव्हते. ते पुरे करावे, आणि आमच्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या वडीलमंडळींपुढेही ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. कराड तालुक्यात ज्याचा संबंध कोठे ना कोठे जमिनीशी पोचत नाही असे घर विरळाच. तेव्हा जमिनीच्या जमाखर्चाची ही चर्चा कोणास परकी वाटू नये.

आपली जमीन कशी आहे हे प्रथम पाहू. आगाशिवाच्या उतारावर चढून गेले म्हणजे पायाखाली मुरूम लागतो. मातीचा थर वीतभरही नसतो. खाली कृष्णा-कोयनेच्या संगमाकडे उतरावे, तो हीच माती पुरुष-पुरुष खोल व काळीभोर झालेली दिसते. दोहींची आई एकच, सह्याद्रीचा काळा अग्निजन्य पाषाण. काळ्या रानात चिकणमातीचा अंश निम्म्याच्या आसपास असतो. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. ह्या भेगांत वरची भुसभुशीत माती आपोआप ढासळते व पुढल्या पावसात आत मिसळून जाते. म्हणजे काही अंशी ही जमीन स्वतःच स्वतःस नांगरून घेते. तिच्या रंगाविषयी मात्र एक गैरसमज फार पसरलेला आहे. माती काळी म्हणून तीत सेंद्रिय अंश विपुल, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. तिचा काळेपणा बव्हंशी तिच्या चिकणमातीच्या घडणीतून आलेला आहे, आणि उत्तम काळ्या रानातही सेंद्रिय कर्ब शेकडा अर्धा सुद्धा न भरणे ही नित्याची गोष्ट आहे.

सेंद्रिय कर्ब म्हणजे काय? झाडाचे पान, काडी, मूळ, शेण, मेलेले किडे व सूक्ष्म जंतू हे सर्व जमिनीत कुजून शेवटी जो काळसर, मऊ, चिवट अंश मातीच्या कणांस चिकटून राहतो, त्यास ह्यूमस म्हणतात. त्याचा निम्म्याहून अधिक भाग कर्बाचा असतो. हा कर्ब झाडाने हवेतून घेतलेला असतो. आमच्या जमिनीत आढळणाऱ्या चुनखडीतही कर्ब असतो. पण तो खनिज स्वरूपाचा असून पिकाच्या पोषणाच्या ह्या हिशेबात येत नाही. चुनखडीच्या खड्यावर लिंबाचा रस पिळला असता जे बुडबुडे येतात, ते त्या खनिज कर्बाचे.

ह्यूमसमधला कर्ब स्थिर बसून राहत नाही, हे दाखविण्यासाठी आम्ही वर्गात एक सोपा प्रयोग करतो. काचेच्या बरणीत शेतातील ओलसर माती घालावी, तीवर एका लहान वाटीत चुन्याची निवळी ठेवावी व झाकण घट्ट लावावे. शेजारी तशीच एक बरणी, पण मातीवाचून, ठेवावी. दोन-तीन दिवसांनी पाहावे तो मातीच्या बरणीतील निवळी दुधाळ होऊन तीवर पांढरा पापुद्रा धरलेला असतो. रिकाम्या बरणीतील बहुधा तशीच राहते. ह्याचा अर्थ माती श्वास टाकते. तीतील जंतू ह्यूमस खातात आणि आपण उच्छ्वासाने जो वायू बाहेर सोडतो तोच, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ते बाहेर सोडतात. अंगणात पडलेले पाचट एका रात्रीत जळते. जमिनीतील कर्ब अहोरात्र, ज्वाळेवाचून, मंदपणे जळत असतो. उष्णता वाढली की ही क्रिया झपाट्याने चालते. म्हणून थंड मुलुखातील जमिनीपेक्षा दख्खनच्या जमिनीत कर्ब टिकविणे अधिक कठीण आहे.

आता ह्या सर्वांचा वाण्याच्या वहीप्रमाणे हिशेब मांडू. एक एकर जमिनीतील वरच्या सहा इंच मातीचे वजन ठोकळ मानाने नऊ लाख किलो धरतात. तीत सेंद्रिय कर्ब ०.५० टक्के असेल, तर एकंदर कर्ब ४,५०० किलो झाला. ह्यूमसमध्ये दर दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असते. तेव्हा नत्राची शिल्लक सुमारे ४५० किलो. युरियात शेकडा ४६ नत्र असते. त्या मानाने ही शिल्लक ४५ किलोंच्या एकवीस-बावीस पोत्यांइतकी होते! हे सर्व नत्र पिकास एकदम मिळत नाही. जंतू जसजसा ह्यूमस खातात, तसतसे ते थोडे थोडे मोकळे होते. बँकेतील ठेवीवर व्याज मिळावे तसे. शेतकरी वरून युरिया घालतो खरा, पण पिकाच्या अंगी शेवटी जे नत्र उतरते त्यातील सुमारे निम्मे, कित्येकदा अधिकही, जमिनीच्या ह्या जुन्या ठेवीतूनच आलेले असते. ठेव आटली म्हणजे पोत्यांची संख्या वाढवूनही उतारा का वाढत नाही, ह्याचे हे एक प्रमुख कारण होय.

ह्या मांडणीतून एक नियम हाती येतो. तो विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावा. कर्ब व नत्र ही जमिनीची दोन निरनिराळी खाती नव्हेत. दहा किलो कर्ब टिकवावयाचा तर सोबत एक किलो नत्र लागतेच, आणि कर्ब उडून गेला म्हणजे त्याच्याशी बांधलेले नत्रही सुटते. त्यातले पिकाने घेतले ते घेतले; उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपते किंवा वायुरूपाने उडून जाते.

ही शिल्लक घटते कशाने व वाढते कशाने? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना नांगराचा विचार टाळता येत नाही.

कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर किर्लोस्करवाडी हे स्थानक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १९०३ साली बेळगावी लोखंडी नांगर तयार केला व पुढे १९१० साली येथे कारखाना वसविला, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. प्रारंभी तो नांगर कोणी विकत घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत सर्वथा चुकीची होती. लोखंडी नांगराने हरळीसारखी चिवट तणे मुळासकट उपटून निघाली, पडीक राने लागवडीस आली व कष्टकऱ्यांचे श्रम वाचले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि लाकडी नांगर ओढावयास बैलांच्या तीन-चार जोड्या लागत, म्हणून काळ्या रानात नांगर दरवर्षी घालण्याचा रिवाज सर्वत्र नव्हता. कित्येक वर्षे कुळवाच्या पाळ्यांवरच काम भागविले जाई. लोखंडी नांगर आला, त्यामागून ट्रॅक्टर आला, मग रोटाव्हेटर आला, आणि जे चार-पाच वर्षांतून एकदा होत असे ते वर्षातून दोन-तीनदा होऊ लागले. दोष लोखंडाचा नव्हे. प्रमाण सुटले, ही खरी अडचण.

नांगराने नेमके काय होते ते पाहू. चांगल्या मातीत बाजरीच्या दाण्याएवढ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अशा असंख्य कणगुठळ्या असतात. मुळांचे बारीक तंतू, बुरशीचे धागे व जंतूंचा चिकटा ह्यांनी त्या बांधलेल्या असतात. त्यांच्या पोटात सेंद्रिय अंश दडून राहतो. तेथे हवा बेताची पोचते व जंतूंस तो सहज खाता येत नाही. नांगराचा फाळ, आणि त्याहूनही रोटाव्हेटरची पाती, ह्या गुठळ्या फोडतात. आत हवा शिरते, ऊन लागते, आणि दडलेले धान्य उंदरांपुढे उघडे पडावे तसा तो सेंद्रिय अंश जंतूंपुढे उघडा पडतो. त्यांची मेजवानी सुरू होते. कर्ब हवेत जातो. नत्र मोकळे होऊन पिकास मिळते.

येथेच शेतकऱ्याची फसगत होते. गायरान मोडून केलेले नवे रान पहिली दोन-तीन वर्षे सोन्यासारखे पिकते, हा अनुभव सर्वांस आहे. खोल नांगरलेल्या रानातील पीकही आरंभी हिरवेगार दिसते. त्यावरून नांगरामुळे जमीन सुपीक होते असे अनुमान लोक काढतात. वास्तविक नांगर सुपीकता निर्माण करीत नाही. साठविलेल्या सुपीकतेची हुंडी तो वटवतो. वटविलेली रक्कम हाती खुळखुळते, म्हणून आपण श्रीमंत झालो असे वाटते. मूळ ठेव मात्र कमी झालेली असते. गवताची वा जंगलाची जमीन मोडून पिढ्यान्‌पिढ्या नांगरली असता तिच्या वरच्या थरातील कर्बापैकी एक-तृतीयांश ते निम्मा भाग नाहीसा होतो, असे देशोदेशीच्या निरीक्षणांत दिसून आले आहे. अमेरिकेच्या मध्य भागात १९३० नंतरच्या दशकात नांगरून उघडी टाकलेली माती वाऱ्याबरोबर धुळीच्या वादळांत उडाली, तेव्हा त्या देशाचे डोळे उघडले. आणि १९४३ साली एडवर्ड फॉकनर ह्यांनी नांगरावरच खटला भरणारे पुस्तक लिहिले. तेव्हापासून विना-नांगरणीच्या शेतीचा विचार जगभर पसरत गेला.

महाराष्ट्रातही तो रुजला आहे. रायगड जिल्ह्यातील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी 'सगुणा राइस टेक्निक' ह्या नावाने भाताची पद्धत बसविली. तीत एकदा गादीवाफे केले म्हणजे पुन्हा नांगरणी नाही, चिखलणी नाही. भात कापल्यावर त्याची मुळे जागच्या जागी कुजू देतात व त्यांच्यातच पुढले पीक टोकतात. कोल्हापूरचे कृषिपदवीधर शेतकरी प्रताप चिपळूणकर हेही दीर्घकाळ विना-नांगरणीचे प्रयोग व त्याविषयी लेखन करीत आले आहेत. पिकाचा जमिनीखालील भाग, म्हणजे मुळे व बुडखे, हेच जमिनीचे सर्वांत स्वस्त खत होय, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा आहे.

परंतु नांगर सोडला की कर्ब आपोआप वाढला, असे मात्र कोणी समजू नये. नांगर थांबविल्याने खर्च थांबतो. जमा होत नाही. विना-नांगरणीच्या शेतात वरच्या दोन-चार इंचांत कर्ब स्पष्ट वाढलेला दिसतो; पण हातभर खोलीपर्यंत सर्व थर मोजले असता ती वाढ पुष्कळदा फार थोडी निघते, कारण पूर्वी नांगराने खाली गाडला जाणारा पाला आता वरच साठतो. वरचा थर सुधारला म्हणजे पाऊस मुरतो, धूप कमी होते, गांडुळे वाढतात. हे लाभ लहान नव्हेत. शिवाय तणांचा प्रश्न उरतोच. वर सांगितलेल्या भाताच्या पद्धतीत तणनाशक फवारावे लागते. आले, हळद ह्यांसारख्या कंदपिकांस भुसभुशीत रान हवेच, आणि उसाच्या गाड्यांनी दडपलेली जमीन कधी तरी मोकळी करावी लागते. तेव्हा नांगर शत्रू नव्हे. गरजेपुरता, पाच वेळांच्या जागी एक वेळ, एवढाच त्याविषयी आमचा आग्रह आहे.

जमेची बाजू पिकाच्या निवडीने भरते. आमच्या शेतकऱ्यांच्या भाषेत ह्यासाठी एक फार मार्मिक शब्द आहे : बिवड. आधीचे पीक निघाल्यावर जमिनीत त्याचा जो बरावाईट गुण मागे राहतो तो बिवड. हरभऱ्याचे बिवड चांगले, भुईमुगाचे बिवड चांगले, हे आमचे पूर्वज रसायनशास्त्र शिकल्यावाचून जाणत होते. त्याचे कारण मात्र १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्थ ह्यांनी दाखविले. द्विदल पिकांच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांत राहणारे जंतू हवेतील नत्र धरून झाडास देतात, आणि झाड त्यांस साखर पुरविते. हरभऱ्याचे रोप फुलावर येण्याच्या सुमारास हलकेच खणून काढावे व एखादी गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी-तांबूस निघाली, तर कारखाना चालू आहे. पांढरी वा हिरवट निघाली, तर तो बंद आहे.

ह्यावरून केवळ द्विदल पिके घ्यावीत असे कोणी म्हणेल, तर तेही पुरते बरोबर नाही. आमच्या भागात सोयाबीन पुष्कळ होते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राचे 'फुले संगम' हे वाण आज अनेकांच्या शेतात आहे. सोयाबीन द्विदल म्हणून ते जमिनीस नत्र देते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हिशेब करून पाहू. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे साडेसहा टक्के नत्र असते. एकरी दहा क्विंटल उतारा आला, तर साठ-पासष्ट किलो नत्र पोत्यांत भरून बाजारात गेले. ह्या पिकाच्या एकंदर गरजेपैकी निम्म्याच्या आसपास वा थोडे अधिक नत्र गाठी पुरवितात. बाकीचे ते जमिनीतूनच घेते. म्हणजे दाणा विकून वर भुसकटही पेटवून दिले, तर जमिनीच्या वहीत जमा काहीच राहत नाही, क्वचित उलट नावेच पडते. पाने रानात गळू द्यावीत, रोपे न उपटता कापावीत, भुसकट जनावरांच्या किंवा खताच्या वाटेने परत यावे. तर बिवड उरते. सर्व द्विदलांची शक्तीही सारखी नसते. कोरेगावचा वाघ्या घेवडा चवीस अप्रतिम, पण घेवड्याच्या जातीचे हे पीक नत्र धरण्याच्या कामी दुबळेच. उलट ताग किंवा धैंचा फुलावर येताच जमिनीत गाडला, तर दाण्याच्या रूपाने काहीच बाहेर जात नाही व सर्व जमा जमिनीच्याच पदरी पडते.

शाळू, बाजरी, गहू ही तृणधान्ये नत्र देत नाहीत. परंतु त्यांची दाट मुळे व धसकटे कर्ब विपुल देतात. द्विदले नत्र देतात, पण त्यांचा पाला लवकर कुजून जातो. एकाने कर्ब आणावा व दुसऱ्याने नत्र, तेव्हा दोघांच्या मेळाने ह्यूमस बनतो. बाजरीत तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरण्याची आमच्याकडची जुनी चाल ही अशी सहकारी मंडळीच होती. तद्वत् मेंढरे बसविण्याची चाल. धनगराचा कळप चार रात्री शेतात बसला म्हणजे डोंगरावरचे गवत खताच्या रूपाने शेताच्या वहीत जमा होई. जनावरांच्या शेणाविषयी तर इंग्लंडहून पाहणीसाठी आलेल्या डॉ. व्होलकर ह्यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात, सरपणाच्या अभावी येथे शेण चुलीत जाते ह्याकडे सरकारचे लक्ष वेधले होते. पुढे इंदुरास अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी शेतातील टाकाऊ काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवून १९३१ साली ती प्रसिद्ध केली. खताने शिल्लक खरोखर वाढते काय, ह्याचा पुरावा इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे आहे. तेथे १८४३ सालापासून एकाच शेतात गहू पेरला जात आहे. ज्या तुकड्यास दरवर्षी शेणखत मिळत आले, त्याच्या मातीतील कर्ब खतावाचून ठेवलेल्या तुकड्याच्या सुमारे अडीच पट झाला आहे.

आता आरंभीच्या पाचटाकडे वळू. ऊस जमीन खातो, असा आरोप पुष्कळदा ऐकू येतो. आमच्या मते तो अर्धाच खरा आहे. दर एकरी तीन-चार टन पाचट मागे टाकणारे दुसरे पीक आमच्याकडे नाही. शिवाय खोडवा हे मुळात विना-नांगरणीचेच पीक आहे. पाचटात ३२ ते ४० टक्के कर्ब व ०.४२ ते ०.५० टक्के नत्र असते. चार टन पाचट धरले, तर त्यात सुमारे १,४०० किलो कर्ब व १८ किलो नत्र झाले. ते पेटविले म्हणजे कर्ब व नत्र ही दोन्ही जवळजवळ सर्व धुराबरोबर गेली. राखेत पालाश व थोडे क्षार राहिले. त्या सकाळी मुलांच्या सदऱ्यांवर पडली ती ह्या द्रव्याची अखेरची पिसे होती.

तेच पाचट रानात राहिले तर? त्यातलाही बहुतेक कर्ब जंतू खाऊन टाकतील. तरी दहा-पंधरा टक्के, म्हणजे १४० ते २१० किलो, ह्यूमसच्या रूपाने मागे राहील असे ठोकळ मानाने धरू. जमिनीच्या ४,५०० किलोंच्या ठेवीतून वर्षास तीन टक्के खर्च होतो असे मानले, तर तो खर्च १३५ किलो होतो. म्हणजे पाचट राखले तर वही बरोबर जुळते, थोडी जमाही होते. पेटविले तर तूट येते व ती दरवर्षी येत राहते. हे आकडे प्रत्येक रानास तंतोतंत लागू पडतील असे नव्हे. पण तराजूचे पारडे कोणत्या बाजूस झुकते हे दाखविण्यास ते पुरेसे आहेत.

हा हिशेब आम्ही पालकसभेत मांडला तेव्हा त्या विद्यार्थ्याचे वडील उठून उभे राहिले. ते म्हणाले, "गुरुजी, तुमची बेरीज बरोबर असंल. पण मी एक वर्ष पाचट ठेवून बघितलंय. खोडवा पिवळा पडला. पाणी सरीनं पुढं जाईना, उंदीर झाले ते वेगळंच. पोराच्या वहीवर ऊस वाढत नाही." सभेत हशा पिकला. आम्हांस मात्र त्यांचे म्हणणे महत्त्वाचे वाटले, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले सांगितले होते, आणि ते खरे होते.

ऊस पिवळा पडतो ह्याचे कारण आपल्या नियमातच आहे. पाचटात कर्ब नत्राच्या सुमारे ऐंशी पट असतो. ह्यूमसमध्ये तो दहा-बारा पटच लागतो. एवढ्या कर्बावर ताव मारताना जंतूंस नत्र कमी पडते, आणि ते जमिनीतील मोकळे नत्र उचलतात. काही काळ उसाच्या तोंडचा घास जंतू पळवितात, म्हणून पीक पिवळे दिसते. ते नत्र नाहीसे होत नाही. जंतूंच्या अंगात ठेव म्हणून राहते व पुढे परत मिळते. परंतु मधल्या काळाची सोय शेतकऱ्यास करावी लागते. यास्तव दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू वापरावेत, अशी शिफारस आहे. चार टनांस युरिया ३२ किलो, म्हणजे पोतेभरही नव्हे.

खोडव्याच्या बाबतीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जी पद्धत सांगितली आहे, ती ह्या सर्व चर्चेचे सारच होय. बुडख्यांवरील पाचट बाजूस ओढून सरीत बसवावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, बगला फोडू नयेत, आणि खत पहारीने भोके घेऊन दोन वेळा, पंधरा दिवसांच्या आत व मग १३५ दिवसांनी, मुळांजवळ द्यावे. पाण्याची अडचण असेल तेथे पाचट एक सरी सोडून दुसरीत भरावे, किंवा यंत्राने त्याची कुट्टी करावी. ह्यात मजुरी लागते, हे आम्ही लपवीत नाही. तणांची खुरपणी व पाण्याच्या पाळ्या ह्यांत तीतली काही परत मिळते.

ह्या शिलकीची आणखी एक बाजू आहे. जगातील जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात जेवढा सेंद्रिय कर्ब आहे, तो सर्व वातावरणातील कर्बाच्या जवळजवळ दुप्पट भरतो. म्हणूनच २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने दरवर्षी जमिनीतील कर्ब हजारी चार ह्या मानाने वाढविण्याचा संकल्प जगापुढे मांडला. ही वाढ अनंत काळ होत राहत नाही. काही दशकांनी जमा व खर्च समतोल होतात, आणि पुन्हा जुन्या वाटेने गेले तर साठविलेले थोड्या वर्षांत उडते. तरीही कराडच्या एका फडात राहिलेले पाचट हे साऱ्या जगाच्या हवेशी संबंध ठेवून आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विसरू नये.

विद्यार्थ्यांनी काय करावे? प्रथम घरी मृद् आरोग्य पत्रिका असेल तर ती काढून सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहावा. ०.४० पर्यंत कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.८० च्या वर भरपूर, अशी त्याची प्रतवारी आहे. मग दोन वाळलेली ढेकळे आणावीत, एक नेहमी नांगरल्या जाणाऱ्या रानातले व एक गवत माजलेल्या बांधावरचे. आणि पाण्याने भरलेल्या दोन पेल्यांत, जाळीवर ठेवून, ती हलकेच सोडावीत. आमच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा रानातले ढेकूळ थोड्याच मिनिटांत विरघळून पाणी गढूळ झाले. बांधावरचे पुष्कळ वेळ आकार धरून राहिले. दोन्ही एकाच शेतातली, एकाच काळ्या मातीची. अंतर काय ते दहा पावलांचे व नांगराचे.

पालकवर्गास आमची विनंती अशी, की मुलाच्या वहीवर विश्वास ठेवून सारे रान पालटू नये. पण सारे रान पेटवूनही देऊ नये. दहा गुंठ्यांत पाचट राखावे, त्यास सांगितल्याप्रमाणे नत्र द्यावे, आणि शेजारच्या दहा गुंठ्यांशी तीन वर्षे ताडून पाहावे. पाण्याच्या पाळ्या किती लागल्या, खुरपण्या किती झाल्या, टन किती उतरले, हे मुलाने लिहून ठेवावे. सभेत उठून बोललेल्या त्या गृहस्थांनी जाताना आम्हांस सांगितले, की विहिरीकडचे दहा गुंठे ते ह्या खेपेस पेटविणार नाहीत. "बघू तरी," एवढेच ते म्हणाले. तेवढे पुरे आहे. जी जमीन आपण मुलांच्या नावे करून ठेवणार, तिचा सात-बारा जसा आपण जपतो, तशी तिच्या पोटातील शिल्लकही जपली पाहिजे. कारण सात-बारा कोरा असून जमीनही रिकामी असेल, तर मुलांच्या हाती नुसता कागदच येईल.